चौकटीबाहेरचीं माणसें

महाराष्ट्रांतील कोणत्याहि जुन्या घरांत गेलें, तर ओटीवर किंवा माजघरांत एक तरी जुनी तसबीर टांगलेली असतेच. मधोमध खुर्चीवर बसलेले पागोटेंधारी आजोबा, बाजूला संकोचून बसलेली आजी, पायांशीं मांडी घातलेलीं लहान मुलें आणि मागें ताठ उभे असलेले तरणे मुलगे. घरांतील मंडळी रोज त्या तसबिरीखालून जातात येतात. पण एखाद्या पाहुण्यानें 'हे कोण?' म्हणून विचारलें, तर दोन-तीन चेहऱ्यांपलीकडे कोणाचींच नांवें सांगतां येत नाहींत. शंभर वर्षांच्या आंत माणूस आपल्याच घरांत अनोळखी होतो, ही गोष्ट आम्हांस विचार करण्याजोगी वाटते.

मालवणाजवळच्या आमच्या मूळ घरीं अशीच एक तसबीर आहे. कोंकणचा पावसाळा हा कागदाचा वैरी. समुद्राची खारी हवा, चार महिन्यांची ओल आणि भिंतीमागून चढणारी वाळवी यांतून जें वांचतें, तें भाग्यानेंच वांचतें. कांहीं वर्षांपूर्वीं या तसबिरीची पाठीमागची फळी कुजली, म्हणून आम्हीं ती खालीं उतरविली. कांच काढून पाहतों, तों छायाचित्राची उजवी कड चौकटींत बसविण्यासाठीं मागें दुमडलेली! ती घडी हलक्या हातानें उलगडली, तेव्हां तेथें एक स्त्री दिसली. डोक्यावरून पदर घेतलेली, अंगावर एकहि दागिना नसलेली, दाराला टेकून उभी. एक हात मात्र पुढें बसलेल्या मुलाच्या खांद्यावर ठेवलेला. त्या मुलाच्या खांद्यावरचीं चार बोटें आम्ही लहानपणापासून पाहत आलों होतों. तीं मागें उभ्या असलेल्या काकांचीं असावींत, असा आमचा समज होता.

घरांतील कोणालाहि ती बाई ओळखतां येईना. आमच्या घराण्याची वंशावळ आजोबांच्या थोरल्या बंधूंनीं मोठ्या मेहनतीनें तयार करून ठेविली आहे. आठ पिढ्यांचा तो वृक्ष. पण त्यांत ही कशी सांपडावी? त्या वृक्षाला मुलगे हींच काय तीं पानें. मुलींच्या जागीं 'कन्या २', 'कन्या ३' असे आंकडे घातलेले आहेत.

येथें वंशावळींची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत महाराष्ट्रांतील कितीतरी ब्राह्मण घराण्यांनीं आपापले कुलवृत्तांत छापून काढले, ही मोठ्या अभिमानाची गोष्ट आहे. इतिहासाचार्य राजवाडे गांवोगांव हिंडून लोकांच्या माळ्यांवरचे रुमाल सोडवीत होते. पुण्यास १९१० सालीं भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें होतें. त्या हवेंत सामान्य कारकून-मास्तरांसहि आपल्या घरच्या पेट्या उघडून पाहण्याची इच्छा झाली. पदरमोड करून, शेंकडों पत्रें धाडून, भाऊबंदांचीं टोमणे-उत्तरें सोसून या लोकांनीं गोत्र, प्रवर, कुलदैवत, मूळ गांव आणि पिढ्यापिढ्यांचीं नांवें एकत्र केलीं. त्यांनीं तें केलें नसतें, तर आज आपल्यापैकीं पुष्कळांना पणजोबांच्या पलीकडचें कांहींहि सांगतां आलें नसतें.

परंतु वंशावळ ही सरळ रेषेची सोबतीण आहे. जो त्या रेषेवर राहिला तो तींत राहिला. रेषेवरून जे बाजूला सरले, त्यांची ती दखल घेत नाहीं. माहेरीं परत आलेली बालविधवा, दत्तक गेलेला मुलगा, वांटणीच्या भांडणांत घर सोडून गेलेला भाऊ, ज्याला वाळींत टाकलें असा चुलता, हीं सर्व माणसें एकेकाळीं त्याच घरांत जेवत होतीं. १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं गोदूबाई या विधवेशीं पुनर्विवाह केला, तेव्हां त्यांच्या मुरुड गांवानें त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. पुढें ते महर्षि झाले, १९५८ सालीं भारतरत्न झाले, म्हणून त्यांचें नांव सर्वांच्या मुखीं राहिलें. पण ज्यांच्या वांट्याला बहिष्कार आला आणि कीर्ति मात्र आली नाहीं, अशांचीं नांवें किती घरांच्या वंशावळींतून गळालीं असतील!

त्यांतहि बायकांचा शोध अधिक अवघड. पुरुषाचें नांव जन्मापासून मरणापर्यंत एकच. स्त्रीचें मात्र लग्नांत बदलतें. मालवणच्या शेजारच्या कुडाळ तालुक्यांतील बांबुळी हें पंडित घराण्याचें मूळ गांव. या घराण्यांतील रणजित सीताराम पंडित यांचा विवाह १९२१ सालीं मोतीलाल नेहरूंच्या कन्येशीं झाला. तिचें माहेरचें नांव स्वरूप. लग्नानंतर ती विजयालक्ष्मी झाली, आणि याच नांवानें १९५३ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेची अध्यक्षा म्हणून सर्व जगाला ठाऊक झाली. तिच्या बाबतींत घोटाळा होण्याचें कारण नाहीं. पण आपल्या पणजीचें नांव माहेरच्या कागदांत एक आणि सासरच्या कागदांत दुसरें असलें, तर त्या दोन बायका नसून एकच आहे, हें सांगणारें माणूस गेल्यावर कोणास कळणार?

पुरुषांतहि दत्तकाच्या बाबतींत असाच घोटाळा होतो. गणेश आत्माराम खांडेकर या नांवाचा मुलगा १८९८ सालीं सांगलीस जन्मला. पुढें सावंतवाडीकडील नानेलीच्या चुलत्यांना तो दत्तक गेला आणि विष्णु सखाराम झाला. वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्यास १९२० ते १९३८ पर्यंत शिक्षक म्हणून राहिलेले आणि पुढें 'ययाति'साठीं ज्ञानपीठाचे मानकरी ठरलेले वि. स. खांडेकर ते हेच. त्यांचें स्वतःचें नांव बदललें आणि वडिलांचेंहि बदललें. थोर लेखक असल्यामुळें ही कथा सर्वांस माहीत आहे. पण सामान्य घरांत असा दत्तक एका वंशावळींतून नाहींसा होतो व दुसरींत एकाएकीं उगवतो, आणि शंभर वर्षांनीं नातवंडें जन्मदात्या घराला परकें समजूं लागतात.

आमच्या तसबिरींतील बाईचा पत्ता मात्र अगदीं अनपेक्षित ठिकाणीं लागला. आमच्या आजोबांची एक लहानशी वही देवघराच्या फडताळांत होती. तींत भाद्रपदांतील महालयाच्या वेळीं उच्चारावयाचीं नांवें त्यांनीं स्वतःच्या हातानें लिहून ठेविलीं होतीं. वाचकांस ठाऊक असेलच कीं, महालयांत केवळ बाप, आजा आणि पणजा यांनाच पिंड देत नाहींत. आई, आजी, पणजी यांची नांवें येतात. आईच्या माहेरच्या तीन पिढ्या येतात. मग पत्नी, मुलगा, मुलगी, चुलता, मामा, भाऊ, आत्या, मावशी, बहीण, सासरा, गुरु, शिष्य, आप्त अशी मोठी यादी येते. ज्या धर्मशास्त्राला आपण पुष्कळदां रूक्ष म्हणतों, त्यानें घराण्याच्या स्मृतीची जी व्यवस्था करून ठेविली, ती आमच्या वंशावळीहून कितीतरी उदार आहे. वंशावळींत जी केवळ आंकडा होऊन बसली, ती येथें नांवानें आणि गोत्रासह उभी होती.

'आत्मभगिनी' या शब्दापुढें एक नांव होतें, आणि त्यापुढें आमचें नव्हे, तर दुसरेंच गोत्र. लग्न झालेल्या बहिणीचें गोत्र सासरचें, हें ध्यानांत येतांच पुढची वाट दिसूं लागली. आमच्या आत्यांचें वय नव्वदीच्या पुढें. त्यांना छायाचित्र नेऊन दाखविलें. त्यांनीं तें डोळ्यांजवळ धरलें, बोटानें त्या पदरावरून हात फिरविला आणि म्हणाल्या, "ही माझी आत्या रे. देवगडाकडे दिलेली. वर्षाच्या आंत परत आली. आम्हां सगळ्यांना तिनेंच वाढविलें. तिला तसबिरींत उभी रहा म्हटलें, तर ती दारांतून पुढें येईना. बाबांनींच ओढून आणिली." ज्याच्या खांद्यावर हात होता, तो मुलगा म्हणजे आत्यांचेच थोरले बंधु.

गोत्र माहीत, दिशा माहीत. देवगड तालुक्यांत त्या गोत्राचीं घरें किती असणार? दोन गांवीं चौकशी केल्यावर तिसऱ्या गांवीं तें घर सांपडलें. गृहस्थ वयोवृद्ध. आम्ही कोठून आलों हें सांगतांच त्यांनीं गूळपाणी पुढें केलें आणि म्हणाले, "तुम्ही आमच्या थोरल्या आजींच्या माहेरचे ना? मग इतकीं वर्षें होतां कुठें?" त्यांच्या घरीं तिचें नांव निराळें होतें, वहींतलें नांव त्यांनीं कधीं ऐकलेंहि नव्हतें. त्यांच्या पेटींत मोडी अक्षरांतील एक यादी निघाली. मुलीचे दागिने माहेरीं परत पोंचल्याची ती पावती होती: पाटल्या, गोठ, ठुशी, नथ. खालीं आमच्या पणजोबांची सही.

घरीं परत आल्यावर आजोबांची जमाखर्चाची चोपडी पुन्हां उघडली. ज्या वर्षीं ते शिक्षणासाठीं मुंबईस गेले, त्या वर्षाच्या जमेच्या बाजूला एक ओळ होती: 'भगिनीच्या पाटल्या'. आमच्या घरांत आजवर सांगत आले कीं, आजोबा केवळ स्वतःच्या हिमतीवर मुंबईस गेले. हिंमत खरी होती, त्यांत संशय नाहीं. पण बोटीचें भाडें आणि शाळेची फी त्या बाईच्या पाटल्यांतून आली होती. आमच्या घराला जी विद्या लाभली, जिच्या बळावर पुढच्या तीन पिढ्या नोकरी-व्यवसायांत स्थिरावल्या, तिचा पाया तिनें घातला होता. आजोबा तें विसरले नव्हते. दरवर्षीं भाद्रपदांत ते तिचें नांव घेत होते. विसरलों तें आम्ही.

कोणी म्हणेल, ही एका घरची गोष्ट झाली. म्हणून पुन्हां बांबुळीच्या पंडित घराण्याकडे वळतों. रणजित पंडितांचे चुलते शंकर पांडुरंग पंडित हे गाढे संस्कृत पंडित. 'गउडवहो' हें प्राकृत काव्य त्यांनीं १८८७ सालीं संपादून छापलें. सायणभाष्यासह अथर्ववेद संपादिला, जो त्यांच्या पश्चात् प्रसिद्ध झाला. पोरबंदर संस्थानचे ते प्रशासक होते आणि तेथें स्वामी विवेकानंद त्यांच्याकडे राहिले होते. १८९४ सालीं ते वारले, तेव्हां त्यांची कन्या क्षमा हिला चवथें वर्ष होतें. या वयांत वडिलांचें कितीसें आठवणार? तरी पुढें क्षमाबाई राव या नांवानें प्रसिद्ध झालेल्या या विदुषीनें वडिलांचें चरित्र 'शंकरजीवनाख्यानम्' या नांवानें संस्कृत पद्यांत लिहून १९३९ सालीं प्रसिद्ध केलें. याच घराण्यांत रणजित पंडित १९४४ सालीं निवर्तले, आणि दहा वर्षांनीं त्यांची कन्या नयनतारा सहगल हिनें आपल्या बालपणाच्या इंग्रजी आठवणींत आईबापांचें चित्र रेखाटलें. ज्या वंशवृक्षाला कन्येचें पान नसतें, त्याच्याच मुळांना पाणी कन्यांनीं घालावें, हा योग लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

आतां ज्या वाचकांना आपल्या घराण्याचा असा शोध घ्यावयाचा असेल, त्यांच्यासाठीं दोन शब्द.

पहिलें साधन कुलदैवत. मालवण किनाऱ्यावरील सारस्वत घराण्यांचीं बहुतेक कुलदैवतें गोव्यांत आहेत. सोळाव्या शतकांत पोर्तुगीज धर्मछळामुळें तेथील देवहि स्थलांतर करते झाले: मंगेश १५६० च्या सुमारास कुशस्थळीहून प्रियोळास आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास, महालसा वेर्ण्याहून म्हार्दोळास. देवाबरोबर आणि देवामागून माणसेंहि उत्तरेकडे सरकलीं. म्हणून आपला देव कोणता व तो मूळचा कोठला, एवढें कळलें तरी आपल्या पूर्वजांच्या वाटचालीची दिशा समजते. कऱ्हाडे व चित्पावन घराण्यांनींहि याच रीतीनें आपल्या कुलस्वामिनीच्या क्षेत्रीं चौकशी करावी. नाशिक, त्र्यंबकेश्वर, गोकर्ण, काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेस गेलेल्या पूर्वजांच्या स्वहस्ताक्षराच्या नोंदी पुष्कळदां सांपडतात.

दुसरें साधन सरकारी व खासगी कागद. मालवण १८१२ पर्यंत कोल्हापूरकरांच्या अमलाखालीं होतें, नंतर इंग्रजांकडे गेलें व रत्नागिरी जिल्ह्यांत आलें; सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाला तो १९८१ सालीं. तेव्हां कागद कोणत्या काळचा हवा आहे, यावर तो कोल्हापुरास शोधावयाचा कीं रत्नागिरीस, हें ठरतें. जुने कागद बहुधा मोडींत असतात. मोडी शिकविणारे वर्ग आजहि चालतात, आणि घरांतील एखाद्या कॉलेजांत जाणाऱ्या मुलानें किंवा मुलीनें ती लिपि शिकून घेतली, तर पेटींतला मुका कागद बोलूं लागतो. १६६४ सालीं सिंधुदुर्गाच्या पायाभरणीची पूजा मालवणचे जानभट अभ्यंकर व दादंभट बिन पिलंभट उपाध्ये यांनीं केली, असें परंपरेनें सांगतात. या 'बिन' शब्दानें बापाचें नांव साडेतीनशें वर्षें टिकविलें. दादंभटांच्या मातेचें नांव टिकविणारा असा शब्द मात्र त्या रीतींत नव्हता. तें काम घरच्यांनींच करावयाचें.

तिसरें साधन छायाचित्र. ही विद्या १८३९ सालीं पॅरिसमध्यें जाहीर झाली आणि पंधरा वर्षांत, १८५४ सालीं, मुंबईंत छायाचित्रकारांची संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नांवाजलेले छायाचित्रकार. या बंधूंचें मूळ गांव पेडण्याकडील मांद्रें, म्हणजे आमच्या किनाऱ्याला लागूनच. जुन्या छायाचित्रांत माणसें इतकीं ताठ कां, तर कांचेवर चित्र उमटेपर्यंत हलतां येत नसे. अशा छायाचित्रांत कोण बसलें आहे व कोण उभें आहे, कोणाच्या अंगावर दागिने आहेत व कोणाच्या नाहींत, कोण कडेला आहे, हें बारकाईनें पहावें. पुठ्ठ्याच्या खालीं छायाचित्रकाराचें नांव व शहर छापलेलें असतें. मागच्या पडद्यावर रंगविलेले खांब व बागा असल्या, तर तें चित्र घरीं काढलेलें नव्हे, स्टुडिओंतलें, हें ओळखावें. आणि चौकट उघडून पाहिल्याशिवाय चित्र पुरें पाहिलें असें कधींहि समजूं नये.

छायाचित्र ओल्या फडक्यानें पुसूं नये. कांचेला चिकटलें असेल तर ओढून काढूं नये. कांचेसकटच त्याची प्रत काढून घ्यावी. नांवें लिहावयाचीं तीं पाठीमागें, कडेला, मऊ पेन्सिलीनें हलक्या हातानें. शाईनें किंवा बॉलपेननें लिहिल्यास तें पुढच्या बाजूला उमटतें. पावसाळ्यापूर्वीं तसबिरी ओल येणाऱ्या भिंतीवरून उतरवून कोरड्या जागीं ठेवाव्या. आजकाल प्रत्येकाच्या हातीं मोबाईल असतो; त्यानें घेतलेली प्रत निदान दोन-तीन घरीं असावी, म्हणजे एका घराचें छप्पर गळलें तरी दुसरीकडे ती राहील.

परंतु या तिन्हींहून मोठें साधन म्हणजे घरांतील वृद्ध माणूस, आणि तेंच सर्वांत लवकर हातचें जाणारें. आजीला किंवा आत्याला पंचनाम्यासारखे प्रश्न विचारूं नयेत. जुनी तसबीर हातांत द्यावी आणि गप्प बसावें. सालें चुकतील, एकाची गोष्ट दुसऱ्याच्या नांवावर पडेल. तीं नंतर कागदांशीं ताडून पाहतां येतात. कांहीं गोष्टी चारचौघांत सांगण्यासारख्या नसतात, त्या एकांतांत ऐकाव्या आणि त्यांतील सर्वच छापण्याचा हट्ट धरूं नये. पण ज्या माणसाला लाज वाटून घरानें विसरून टाकलें, त्याचा दोष पुष्कळदां त्याचा नसून काळाचा होता, हें आतां तरी ओळखावें. आणि निदान त्याचें नांव परत आणावें.

आमच्या आत्या त्या भेटीनंतर दुसऱ्याच वर्षीं गेल्या. आम्हीं छायाचित्र दाखविण्यास तेवढा उशीर केला असता, तर वहींतलें नांव आणि तसबिरींतला चेहरा हीं एकमेकांना कधींच भेटलीं नसतीं.

तसबिरीला आम्हीं आतां मोठी चौकट केली आहे आणि उजवी कड उलगडून बसविली आहे. वंशावळीच्या छापील प्रतींत ज्या ठिकाणीं 'कन्या २' असें होतें, तेथें दोन्ही नांवें लिहिलीं आहेत. जिचें माहेर-सासरचें नांव मिळालें तिचींहि आणि तिच्या बहिणीचेंहि. तीं नांवें येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. घरांतील लहान मुलांना तीं आतां पाठ आहेत, आणि देवगडच्या घराशीं पुन्हां येणें-जाणें सुरू झालें आहे. येत्या पितृपक्षांत आपापल्या घरची ती यादी वाचकांनीं एकदां लक्ष देऊन वाचावी, एवढीच आमची विनंति आहे.